डोंगर उजव्या हाताला

गावच्या घरी पडवीत एक स्टीलची कळशी आहे, तिच्या पोटाला लिंबाएवढा पोचा आहे. आई दर वेळी घासताना कुरकुरते की बदला ही आता, गळत नाही पण त्या पोच्यात राख अडकते. मी बदलू देत नाही. म्हणजे भावनिक वगैरे काही नाही, पण दर वर्षी दसऱ्यानंतर गवत कापायचं मशीन बाहेर काढायच्या आधी ती एकदा नजरेला पडलेली बरी असते.

आमचं गाव दापोली तालुक्यात. बाग म्हणायची ती दीड एकर, वरकस (भात न होणारी हलकी जमीन), सगळी उतारावर. बाबांनी ९२ साली रोजगार हमीच्या फळबाग योजनेतून ६० हापूस लावले, दहा-दहा मीटरवर. तेव्हा कोकणात असंच झालं, सपाट जमीन भाताला, आणि जिथे नाचणी-वरीशिवाय काही होत नव्हतं त्या डोंगरउतारावर आंबा-काजू. योजना १९९० ची, आणि आज खाली रस्त्यावरून जाताना ज्या बागा डोंगराला टांगल्यासारख्या दिसतात त्यातल्या बऱ्याचशा त्या काळातल्या. फोटोत छान दिसतात. पण पावसाळा संपला की त्याच उतारावर कमरेएवढं गवत असतं आणि ते कुणीतरी काढायचं असतं, नाहीतर मोहोर यायच्या वेळेला फवारणीचा पाइप ओढता येत नाही आणि फेब्रुवारीत वरच्या सड्यावरून (कातळाच्या माळावरून) वणवा आला की झाडासकट सगळं जातं.

बाबा होते तोवर ही बेणणी विळ्याने व्हायची. वाडीतल्या सात-आठ बायका, अण्णा (शेजारचे, बाबांचे जोडीदार) आणि बाबा, आठवडाभर. मग बाबा गेले, वाडीतली माणसं मुंबईला गेली, मी तर आधीपासूनच डोंबिवलीला, आणि २०२० च्या ३ जूनला निसर्ग वादळ आलं. आमची १४ झाडं मुळासकट नाहीतर मधून मोडून पडली. लॉकडाऊनमध्ये मी पोचलोच नाही, फोनवरून कुणाकुणाला सांगून पडलेली झाडं कापून घेतली, लाकूड गेलं, खुंट राहिले. गुडघ्याखाली उंचीचे. म्हटलं नंतर काढू. हे "नंतर काढू" लक्षात ठेवा.

२०२१ च्या ऑक्टोबरमध्ये मी ग्रास कटर घेतला, लांब दांड्याच्या टोकाला फिरणारं ब्लेड असतं तो. दोन पेट्रोलच्या स्कूटरी सोडल्या तर आयुष्यातलं माझं पहिलं इंजिन. टू-स्ट्रोक, लिटरला २० मिली ऑइल, दोरी ओढायची, बेल्ट खांद्यावर, सात-आठ किलो वजन उजव्या कमरेला लटकवायचं आणि मारत सुटायचं. दुकानदाराने दुकानासमोरच्या सपाट फरशीवर दोन मिनिटं डेमो दिला. डोंगर हा शब्द त्या डेमोत कुठे आलाच नाही. माझ्याही मनात आला नाही, दोष त्याचा एकट्याचा नाही.

पहिला दिवस मस्त गेला. वरच्या अंगाला उतार कमी आहे, तिथे मी तीन तासांत जेवढं मारलं तेवढं विळ्याने दोन दिवसात झालं नसतं, आणि मला एकदम वाटायला लागलं की आपल्याला जमतंय, वाडीतली पोरं नाक्यावर बसलेली असतात आणि आपण आयटीतला माणूस बाग साफ करतोय वगैरे. ब्लेडखालून उडणारे दगड अडवायला प्लास्टिकचा गार्ड असतो, त्यात गवत अडकत होतं म्हणून संध्याकाळी मी तो काढून टाकला. हे सगळेच करतात. कुठल्याही बागेत जाऊन बघा, दहातल्या किती मशीनला गार्ड आहे ते.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसातला सुरू केलं. दव पडलेलं. पायात गमबूट, पाच वर्षांपूर्वीचे, तळ गुळगुळीत. खाली पंचवीस-तीस फुटांवर वहिनी (अण्णांची सून) गवताचे भारे बांधत होती, तिच्या गाईला न्यायचे होते, आणि तिच्याजवळ ही कळशी. मी वेळ वाचवायला जाताना पण मारत होतो आणि येताना पण. म्हणजे एक पट्टा डोंगर उजवीकडे ठेवून, परतीचा पट्टा डोंगर डावीकडे ठेवून, नांगर फिरवतात तसं. परतीच्या एका पट्ट्यात, नीट आठवतंय, तेरड्याचं एक सुकत आलेलं झुडूप होतं, त्यात ब्लेड घातलं आणि आत खुंट होता.

धडकलं म्हणणं बरोबर नाही. धडकलं की वस्तू थांबते. हे थांबलं नाही, दांड्याला कुणीतरी बाजूने लाथ घालावी तसा तो उजवीकडे फेकला गेला, आणि उजवीकडे उतार होता. मशीन बेल्टला, बेल्ट माझ्या अंगाला. मी अर्धा फिरलो, पाय कापलेल्या ओल्या गवतावर पडला आणि मग काही नव्हतंच, बसलो आणि तसाच घसरत खाली, दहा-बारा फूट, मशीन मांडीवर. रेस सुटली होती पण रेस सोडली म्हणजे ब्लेड थांबत नाही, ते आपल्याच नादात काही सेकंद फिरत राहतं, ते माझ्या बुटांच्या पुढे फिरत असलेलं मला दिसत होतं. ते पायावर आलं नाही याचं श्रेय सायकलसारख्या रुंद हँडलला, त्या हँडलमुळे दांडा अंगाजवळ वळत नाही. बाबांनी केलेलं एक अर्धगोल आळं होतं आंब्याचं, त्याच्या दगडात पाय अडकले आणि थांबलो. डावा तळवा जांभ्यावर फाटला होता. दापोलीला पाच टाके पडले. गुडघा महिनाभर सुजला. एवढंच.

एवढंच म्हणतोय कारण खरी गोष्ट पुढे आहे. वहिनीने धावत येऊन हातावर पाणी ओतायला कळशी उचलली आणि म्हणाली, "आवो भावोजी, हिला काय झालं?" कळशीला पोचा. आदल्या अर्ध्या तासात कधीतरी माझ्या ब्लेडखालून दगड उडून तिला लागला होता. स्टीलच्या कळशीवर दगड बसला तर ठण्ण करून आवाज व्हायला पाहिजे, तो मी ऐकला नाही, मशीन चालू. तिनेही ऐकला नाही, मशीन चालू. आणि ती मधूनमधून त्या कळशीला टेकून बसत होती.

मला त्या दिवशी हाताचं काही वाटलं नाही. रात्री झोप लागली नाही ती कळशीमुळे.

नंतर महिनाभर हात बांधून बसलो तेव्हा मशीनबरोबर आलेलं पुस्तक पहिल्यांदा उघडलं. त्यात सगळं होतं हो. ब्लेड वरून बघितलं तर डावीकडे फिरतं, घड्याळाच्या उलट. म्हणजे कापलेलं गवत डाव्या बाजूला पडतं. आणि ब्लेडचं घड्याळ धरलं तर बारा ते तीनच्या मधला भाग, म्हणजे समोरचा उजवा कोपरा, तिथे घट्ट वस्तू लागली की मशीन उजवीकडे आणि मागे उसळतं. माणसाच्या शक्तीचा प्रश्नच नाही, त्या वेळात स्नायू जागे पण होत नाहीत. आता हे उतारावर लावून बघा. डोंगर उजव्या हाताला ठेवला तर मशीन उसळलं तरी डोंगरात उसळतं, आणि कापलेलं गवत डावीकडे, खालच्या बाजूला, आधीच साफ केलेल्या पट्ट्यावर पडतं, तुमच्या पुढच्या पावलाखाली येत नाही. डोंगर डाव्या हाताला ठेवला तर दोन्ही उलटं. उसळलं की दरीत. मी अर्धा वेळ दरीकडे उसळायची सोय करून काम करत होतो.

मी हे अण्णांना मोठ्या उत्साहाने सांगायला गेलो. अण्णा पंचाहत्तरीचे, मशीनला आयुष्यात हात न लावलेले. ऐकून घेतलं आणि म्हणाले, "म्हंजे खालनं वर, नि एकाच अंगानं. मग बायका काय करतात?"

आणि खरंच. विळ्याने गवत काढणारी बाई कशी बसते ते आठवून बघा. उकिडवी, डोंगराकडे तोंड, खालून सुरुवात, आणि एकेक मूठ वर सरकत. ती घसरली तर किती घसरेल, आधीच जमिनीवर बसलेली आहे. डाव्या हाताने मूठ धरते म्हणजे कापायच्या आधी हात तिथे जाऊन आलेला असतो, दगड आहे का, खुंट आहे का, फुरसं (छोटा विषारी साप) आहे का, ते हाताला किंवा डोळ्याला आधी कळतं, कारण डोळा गवतापासून दीड फुटावर आहे. आणि कान मोकळे. शेजारणीशी गप्पा चालू असतात पण गवत वेगळं हललं की गप्पा थांबतात. मी पोरगा असताना आईबरोबर जायचो तेव्हा असं कितीतरी वेळा झालंय, एकदम सगळ्या गप्प, मग कुणीतरी काठी आपटायचं, मग परत सुरू.

मशीनने काय केलं, तर माणसाला उभं केलं. डोळा गवतापासून पाच फूट वर नेला, हातात दांडा दिला म्हणजे स्पर्श गेला, कान बंद केले. वेग दिला, कबूल, वेग नसता तर आमची बाग आज रान झाली असती, मी काही विळ्याचे पोवाडे गात बसणाऱ्यातला नाही. वर्षातून आठ दिवस येणाऱ्या माणसाने तर नाहीच गाऊ. पण उतारावर जे काही जपायचं म्हणतात ते मला तरी आता असंच दिसतं की विळ्यात जे फुकट होतं ते मशीनच्या आधी आणि मधेमधे आपण मुद्दाम करायचं.

म्हणून पहिला अर्धा दिवस मी मशीन चालूच करत नाही. काठी घेऊन पूर्ण उतार फिरतो. काठी आपटत, एक म्हणजे जनावर निघून जावं म्हणून (आमच्याकडे जांभ्यात फुरसं भरपूर, आणि ते एवढंसं असतं की पाय पडेपर्यंत दिसत नाही), दुसरं म्हणजे दगड आणि खुंट. खुंटाला चुना फासतो आणि वर एक उभी काटकी, चिंधी बांधून. १४ झाडं पडली होती, खुंट सापडले १३. एक कुजून गेला असणार म्हणून सोडून दिला.

या फेरीत अजून एक बघायचं असतं, गांधीलमाश्यांचं पोळं. घाणेरीत, रानमोडीत, कधी आंब्याच्या खालच्या फांदीला. इंजिनाच्या थरथरीने त्या उठतात आणि तुम्हाला कळतं तेव्हा मानेवर चार बसलेल्या असतात. सपाटीवर माणूस पळतो. उतारावर गळ्यात आठ किलोचं मशीन घेऊन पळणारा माणूस कुठे जाईल सांगा. त्यासाठी बेल्टला एक लाल पट्टी असते, ओढली की मशीन सुटून खाली पडतं. ही पट्टी किती जणांनी कधी ओढून बघितलीय? मी आता दर सकाळी एकदा, इंजिन बंद असताना, डोळे मिटून ओढतो. वहिनी हसते. हसू दे. काही लोक बेल्ट आखूड पडतो म्हणून त्याला सुतळी बांधतात, त्या सुतळीने ती पट्टी निकामी होते हे त्यांच्या गावीही नसतं. आणि पाठीवर इंजिन घ्यायचं जे मशीन मिळतं ते सपाटीवर आरामाचं असेल, पण मला चढावर ते मागे ओढतं असं वाटलं, आणि सुटायला दोन्ही खांदे काढावे लागतात, त्यामुळे मी तरी त्या वाटेला जाणार नाही.

खाजकुइलीचं मात्र काही करता येत नाही. डिसेंबरपर्यंत थांबलात आणि तिच्या शेंगा सुकल्या आणि त्यात ब्लेड गेलं तर तो दिवस देवाचं नाव घेऊन संपवायचा.

दव उतरेपर्यंत, म्हणजे साडेनऊ-दहापर्यंत, मशीन नाही. गमबूट फेकले, खाली दाते असलेले घोट्याच्या वरपर्यंतचे बूट घेतले. नडगीला क्रिकेटचे जुने पॅड बांधतो, मुलाचे, दिसायला विनोदी पण त्यावर दगडाच्या खुणा आहेत. डोळ्याला जाळीचा मुखवटा. कानाला मफ्स, कारण या मशीनचा आवाज चालवणाऱ्याच्या कानाशी शंभर डेसिबलच्या आसपास जातो, आणि अमेरिकेतल्या नायॉश या संस्थेचा हिशोब असा की ८५ ला आठ तास चालतील, पुढे दर तीन डेसिबलला वेळ निम्मा. करा वजाबाकी. शंभरला १५ मिनिटं उरतात. आमच्याकडे गडी दिवसभर मारतात, कानात कापूससुद्धा नाही, आणि संध्याकाळी घरी मोठ्याने बोलतात म्हणून बायका भांडतात.

पण कान बांधले की तुम्ही ठार बहिरे. म्हणून आमचा एक नियम आहे, माझ्या मागून कुणीही यायचं नाही. पुस्तकात १५ मीटर लिहिलंय. उतारावर मी खालच्या बाजूला तेही पुरेसं धरत नाही, खाली माणूसच नको, उडालेला दगड एक आणि घरंगळलेला दुसरा. वहिनीला बोलवायचं असेल तर तिने वर, माझ्या समोर येऊन लाल पंचा हलवायचा आणि मी इंजिन बंद केल्याशिवाय एक पाऊल पुढे यायचं नाही. पट्टा एकाच दिशेने. डोंगर उजव्या हाताला. पट्टा संपला की इंजिन बंद, मोकळ्या पट्ट्यावरून चालत परत. त्या परतीच्या चालण्यात वेळ जातो असं वाटतं, पण तेवढ्यात हाताला आलेल्या मुंग्या जातात आणि पुढचा पट्टा बघून होतो. पेट्रोल भरायचं ते वर सपाटीवर नेऊन, दहा मिनिटं गार करून, कारण उतारावर टाकी तिरकी, पेट्रोल सांडतं सायलेन्सरवर, आणि आजूबाजूला काय आहे तर सुकं गवत.

माझा मावसभाऊ नॉर्थ कॅरोलिनाला असतो, त्याच्या घरामागे उताराचं लॉन आहे आणि ते दर आठवड्याला कापलं नाही तर शेजारी नाराज होतात म्हणे. त्याला हा सगळा किस्सा सांगितला तर तो म्हणाला, अरे आमच्याकडे तर बसून चालवायचं मशीन असतं, ते उलटलं की माणूस खाली. त्याच्याकडून एक गंमत कळली. ढकलायचं मशीन असेल तर उतारावर आडवं चालवायचं, कारण उभं चढवताना पाय घसरला तर ते मागे आपल्या पायावर येतं. बसायचं असेल तर उलट, उभं वर-खाली, कारण आडवं नेलं की ते कुशीवर पडतं. एकाच लॉनवर दोन मशीनना दोन उलट नियम. आणि १५ अंशांच्या वर बसायचं मशीन न्यायचंच नाही. १५ अंश म्हणजे ऐकायला काहीच नाही वाटत. एक मीटरची काठी आडवी धरा, एक टोक चढाला टेकवा, दुसऱ्या टोकाखाली जमीन २७ सेंटिमीटर असेल तर झाले १५ अंश.

त्याच्या मशीनच्या पुस्तकात शेवटी एक पान असतं, त्यावर एक तिरकी रेघ छापलेली. त्या रेघेवर कागद दुमडायचा, कागदाची उभी कड समोरच्या एखाद्या सरळ झाडाला जुळवायची आणि दुमडलेल्या कडेने उतार बघायचा. त्याने ते पान व्हॉट्सअपवर पाठवलं, मी दापोलीत झेरॉक्सवाल्याकडे छापून घेतलं. माझ्या मशीनला तो नियम लागू नाही हे माहीत होतं, तरी नेलं. बाबांनी खोडं सरळ वाढवलेली, त्यामुळे जुळवायला सोपं. वरचा भाग रेघेच्या आत बसला. मधला बाहेर. आणि खाली पऱ्याकडे (ओढ्याकडे) उतरतो तो तुकडा, दहा-बारा गुंठे असेल, तिथे कागद आणि जमीन यांचा काही संबंधच राहिला नाही, दुप्पट तरी असावा. त्या तुकड्यात आपण मशीन घेऊन उभे होतो हे कागदावर बघितल्यावर पोटात कसंतरी झालं. तिथे काम करताना तसं झालं नव्हतं, तेव्हा फक्त पिंढऱ्या दुखत होत्या.

तेव्हापासून तो तुकडा विळ्याचा. वहिनी आणि अजून दोघीजणी, तीन दिवस. मजुरी जाते. चुलत्यांनी विचारलं मशीन असताना बायका कशाला लावतोस, पैसे जास्त झालेत का. त्यांच्या बागेत ते मशीनवाला गडी बोलावतात, तो पऱ्यापर्यंत मारत जातो, चप्पल घालून, आणि त्याला अजून काही झालेलं नाही. हेच तर. ज्याला काही झालेलं नाही त्याला सांगायला आपल्याकडे काय असतं? मी दोनदा बोललो त्या गड्याशी. त्याने तळव्यावरचे टाके बघितले, म्हणाला, "तुमाला सवय नाय ना."

गेल्या दिवाळीची गोष्ट. मी मधल्या भागात होतो, डोंगर उजवीकडे, समोर लाल पंचा हलला. इंजिन बंद केलं, मफ्स काढले. वहिनी म्हणाली, खाली या जरा. पऱ्याच्या वरच्या अंगाला, करवंदीच्या जाळीला लागून, तिने एक मूठ गवत धरलं होतं आणि विळा न मारता तशीच बसून राहिली होती म्हणे, हाताला काहीतरी टणक लागलं म्हणून. गवत बाजूला केलं. खुंट. अजिबात कुजलेला नाही, वरती करवतीची खूण तशीच्या तशी, बाजूने आंब्याचा तांबूस फुटवा हातभर आलेला.

"ह्यो घ्या तुमचा चौदावा," ती म्हणाली.

चुना वर राहिला होता. मी आणायला निघालो तर म्हणाली, येताना कळशी पण आणा, घसा सुकलाय.